चार झोनचा इंडक्शन हॉब घेण्याआधी मीटर, तवा आणि मंद आच तपासा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिंचवडला पंधरा वर्षं जुन्या इमारतीत टू-बीएचके, घरात पाच माणसं, स्वयंपाकघर नव्यानं करताय. ग्रॅनाइटच्या ओट्यात बसणारा चार झोनचा (म्हणजे भांडी तापवायच्या चार जागांचा), ७४०० वॅटचा इंडक्शन हॉब घ्या आणि गॅस कायमचा काढून टाका, असं दुकानदार आणि किचनवाला दोघंही सांगताहेत. सासूबाईंना रात्री ज्वारीची भाकरी लागते. यातला कुठल्या कंपनीचा घ्यावा, हे तुम्ही विचारलंय.

स्वयंपाकघरांची वायरिंग, हॉब-चिमणी बसवणं आणि बिघडलेल्या शेगड्या उघडून दुरुस्त करणं हे काम मी वीसेक वर्षं करतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. चार झोनचा घेऊ नका. दोन झोनचा घ्या, त्यातला एक झोन किमान २१ सेंटिमीटरचा हवा, मंद आचेवर तो सलग चालायला हवा, आणि शेजारी गॅसची एक शेगडी राहू द्या. कंपनीचा विचार यानंतर करायचा. कारण बहुतेक घरांमध्ये पस्तावा होतो तो कंपनीमुळे नाही. घरातली तार, घरातली भांडी आणि घरातलं जेवण यांचा विचार न करता यंत्र आणल्यामुळे होतो.

आधी वीजबिल हातात घ्या. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा आकडा छापलेला असतो. पंधरा-वीस वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये मला तो बहुधा २ ते ५ किलोवॅटच्या मधे दिसतो. ७४०० वॅटचा हॉब पूर्ण ताकदीनं चालला तर २३० व्होल्टला ३२ अँपिअर ओढतो. आता सकाळी सातची वेळ डोळ्यांसमोर आणा. बाथरूममध्ये २००० वॅटचा गीझर चालू, बेडरूममध्ये एसी चालू, आणि ओट्यावर कुकर, दूध, चहा, भाजी सगळं एकदम चढलेलं. मेन एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पडणार, आणि डब्याच्या घाईत घर अंधारात जाणार.

भार वाढवून मिळतो. अर्ज करायचा, अनामत रक्कम भरायची, गरज असेल तर थ्री फेज घ्यायचं. पण कागदावर भार वाढला म्हणून भिंतीतली तार जाड होत नाही. चार झोनच्या हॉबला घरातल्या बोर्डापासून थेट हॉबपर्यंत ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी लाइन, ३२ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी आणि डबल पोल आयसोलेटर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्विच) लागतो. शिवाय खालच्या मीटर रूममधून तुमच्या मजल्यापर्यंत येणारी केबल बिल्डरनं त्या काळात काय जाडीची टाकली, तेही तपासावं लागतं. ती बदलायची तर सोसायटीची परवानगी आणि डक्टमधलं काम आलं. हा खर्च हॉबच्या किमतीत कोणी धरत नाही. त्याउलट दोन झोनचा ३५०० वॅटचा हॉब १५ अँपिअरच्या आसपास घेतो. त्याला ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन आणि २० अँपिअरचा एमसीबी दिला की काम झालं. तसंही टाइल्स तुम्ही काढणारच आहात, तेव्हा ही लाइन आत्ताच ओढून घ्या. वाटलं तर ६ स्क्वेअर एमएमचीच ओढा. तारेतला फरक थोडक्या पैशांचा आहे, नंतर भिंत फोडण्याचा खर्च मोठा.

चार झोनबद्दल आणखी एक गोष्ट दुकानात सांगितली जात नाही. चार झोन म्हणजे पूर्ण ताकदीच्या चार शेगड्या नव्हेत. आत बहुतेक वेळा दोन पॉवर बोर्ड असतात. डावीकडचे दोन झोन एकावर, उजवीकडचे दोन दुसऱ्यावर, आणि प्रत्येक बोर्डाची मर्यादा साधारण ३६०० ते ३७०० वॅट. पुढच्या झोनला बूस्ट, म्हणजे थोड्या वेळापुरती जास्तीची ताकद, दिला की त्याच बाजूच्या मागच्या झोनची आच आपोआप खाली येते. मागे भात चढवलेला असेल तर त्याची उकळी मरते आणि बाईमाणसाला वाटतं यंत्र बिघडलं. यंत्र ठीक असतं, वाटणी तशी केलेली असते. आपल्या घरात तीन-चार गोष्टी खरोखर एकाच वेळी चढतात ते दिवसातले अर्धा-पाऊण तास. त्यासाठी तिसरा-चौथा झोन विकत घेण्यापेक्षा गॅसची एक शेगडी कितीतरी जास्त कामाची आहे. का, ते भाकरीपाशी सांगतो.

अर्थिंगबद्दल तडजोड नको. इंडक्शनच्या आत येणाऱ्या लाइनवर एक फिल्टर असतो आणि त्यातून अगदी थोडा प्रवाह अर्थला जात असतो. घराचं अर्थिंग तुटलेलं असेल तर स्टीलच्या भांड्याला हात लावताना बारीक मुंग्या येतात. ‘थोडा करंट मारतो, पण चालतं’ असं सांगणारी घरं मी बरीच पाहिली आहेत. ते चालवून घ्यायचं नसतं. अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. थ्री फेज घेतलंत तर हॉबच्या मागच्या टर्मिनलमधल्या पट्ट्या हॉबबरोबर आलेल्या पत्रकातल्या आकृतीप्रमाणेच जोडायला सांगा. न्यूट्रल चुकला तर बोर्डावर ४१५ व्होल्ट जातात आणि हॉब पहिल्याच दिवशी जळतो. हे काम सुताराबरोबर आलेल्या पोराकडून करून घेऊ नका.

आता पैशांचं बघू, कारण गॅस काढण्यामागे तुमच्या घरात तोच मुद्दा पुढे आलेला दिसतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता भारतीय मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के लागते, पण ती मोजलेली असते योग्य मापाच्या भांड्याखाली, स्वच्छ बर्नरवर. घरात ज्वाळा भांड्याच्या बाहेर पसरते, वारा लागतो, बर्नरची भोकं बुजलेली असतात. मी ६० टक्के धरतो. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्यात जाते. हा सगळा हिशेब मांडला की एका सिलिंडरच्या जागी १२५ ते १४० युनिट वीज लागते. तुमच्याकडे सिलिंडर चाळीस दिवस पुरत असेल तर महिन्याला शंभरेक युनिट वाढतील.

या शंभर युनिटांना कुठला दर लावायचा, तिथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर धरतात. पण महावितरणचे स्लॅब चढते आहेत: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. नवीन युनिट नेहमी वरच्या बाजूला जमा होतात. आज तुमचं बिल २५० युनिटचं असेल तर वाढलेल्या शंभरातली पन्नास तिसऱ्या स्लॅबच्या दरानं लागतील. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क वेगळं. मागच्या महिन्याचं बिल घेऊन असा हिशेब स्वतः करा. उन्हाळ्यात एसी चालतो, त्या महिन्याचा वेगळा करा. पाइपचा गॅस असेल तर एका घनमीटरला साधारण साडेसहा-सात युनिट धरा.

हा हिशेब केल्यावर बहुतेक मध्यमवर्गीय घरांत गॅस आणि वीज जवळजवळ बरोबरीत येतात, काही घरांत वीज महाग पडते. महिन्याला शंभराच्या आत वीज वापरणाऱ्या छोट्या कुटुंबाला थोडा फायदा दिसू शकतो. छतावर सोलर असलेल्याचं गणित मात्र वेगळं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि स्वतःचं छत असलेल्या बंगल्याला किंवा रो-हाउसला इंडक्शन खरंच स्वस्त पडतं. फक्त हे लक्षात असू द्या की साधं ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय, महावितरणच्या लाइनला जोडलेलं) सोलर लाइट गेल्यावर बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. आणि घरातला ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर इंडक्शन ओढू शकत नाही. म्हणजे लाइट गेली की चूल बंद. गॅस ठेवायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

तरीही मी इंडक्शनच्या बाजूचा आहे. मे महिन्यात ओट्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाच्या तोंडावर ज्वाळेची धग येत नाही, ही माझ्या लेखी सगळ्यांत मोठी गोष्ट. भांड्यांची बुडं काळी होत नाहीत. एक लिटर पाणी १८०० वॅटला साडेतीन-चार मिनिटांत उकळतं आणि त्याला युनिटचा दहावा हिस्सा लागतो. वयस्कर माणूस घरात एकटं असेल तर उघडी ज्वाळा नाही, गॅस गळायची भीती नाही. इंडक्शन घ्यायचं ते या सुखांसाठी.

आता मुख्य गोष्ट, कॉइल आणि भाकरी. काचेखाली तांब्याच्या बारीक तारांची सपाट गुंडाळी असते. तिच्यातून २० हजार हर्ट्झपेक्षा जास्त वेगानं उलटसुलट प्रवाह जातो, त्यानं भांड्याच्या लोखंडी बुडात भोवरे-प्रवाह तयार होतात आणि बूड स्वतःच तापतं. काच तापते ती वरच्या भांड्यामुळे. याचा सरळ अर्थ असा की जेवढी कॉइल, तेवढाच तापणारा भाग. ओट्यावर ठेवायच्या सुट्या शेगड्यांमध्ये काचेवर छापलेलं वर्तुळ मोठं दिसतं, पण आतली कॉइल बरेचदा १६ ते १८ सेंटिमीटरचीच असते. शिवाय कॉइलच्या मधोमध तार नसते, तिथे तापमान बघणारा सेन्सर बसलेला असतो. म्हणजे आच पडते ती कड्यासारखी.

हे दुकानात कळत नाही, भाकरी टाकल्यावर कळतं. पातळ बुडाच्या तव्यावर, लहान कॉइलवर टाकलेली भाकरी उलटून बघा: मधे एक खरपूस तपकिरी कडं, त्याच्या आत थोडं फिकं, आणि बाहेर दोन बोटं रुंदीची पांढरट, कच्ची कड. आच वाढवली तर कडं जळतं, कड तशीच राहते. पोळीला हे कमी जाणवतं, कारण पोळी पातळ, तेल लावलेली आणि तव्यावर फिरवता येते. ज्वारीची भाकरी जाड, तिच्यातलं पाणी सगळीकडून एकसारखं सुटावं लागतं, तेव्हाच पापुद्रा धरतो.

म्हणून २१ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा झोन आणि जाड, सपाट बुडाचा बिडाचा तवा. बीड उष्णता धरून ठेवतं आणि कडेपर्यंत पोचवतं. तवा चढवताना एकदम १८०० वॅट देऊ नका. ६००-८०० वॅटवर पाच-सात मिनिटं तापू द्या, मग भाकरी टाकताना वाढवा. रिकाम्या तव्याला एकदम पूर्ण आच दिली की मधला भाग फुगतो, कड थंड राहते. पत्र्याचा लोखंडी तवा यानं कायमचा वाकतो आणि काचेवर डुगडुगायला लागतो. बिडाचा तर तडकूही शकतो. पापुद्रा फुगवायचं काम इंडक्शनवर दुमडलेल्या फडक्यानं दाबून होतं, पण सासूबाईंच्या हाताला ते पटेल असं मला वाटत नाही. त्यांना ज्वाळेवर धरलेली भाकरी हवी, आणि ती गॅसवरच होते. वांग्याचं भरीत, भाजलेला पापड, मक्याचं कणीस, कोळशाचा धूर द्यायचा निखारा, फुलक्याची जाळी, ही सगळी ज्वाळेची कामं. फोडणीची छोटी पळीसुद्धा. तिचं बूड इतकं लहान असतं की बहुतेक हॉबना ती ओळखूच येत नाही. साधारण १०-१२ सेंटिमीटरपेक्षा लहान बूड असलं की हॉब ‘भांडं नाही’ असं दाखवतो. एक शेगडी ठेवा म्हणतो ते यासाठी. तिच्यावर सिलिंडर महिनोन्महिने पुरतो.

कॉइल किती मोठी ते तपासायची सोपी रीत आहे. दुकानात चालू करून दाखवायची सोय असेल तर मोठं, सपाट, इंडक्शनला चालणारं पॅन मागा, त्यात अर्धा सेंटिमीटर पाणी घाला आणि १२०० वॅट द्या. मिनिटाभरात बुडबुडे कुठून उठतात ते बघा. जिथून बुडबुडे, तिथे कॉइल. त्या कड्यावर पट्टी धरून मोजा. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा हे माप खरं.

त्याच पाण्यावर दुसरी तपासणी करा, मंद आचेची. माझ्या मते हॉबची खरी परीक्षा जास्तीत जास्त ताकदीवर होत नाही, कमीत कमी ताकदीवर होते. पाणी उकळू द्या आणि आच सगळ्यांत खाली आणा. स्वस्त शेगड्यांचं सर्किट ठरावीक वॅटच्या खाली सलग चालू शकत नाही. मग त्या काय करतात? २०० वॅट मागितले की काही सेकंद ८००-१००० वॅट देतात, मग काही सेकंद पूर्ण बंद, मग पुन्हा तेच. उकळी येते, जाते, येते, जाते. कान दिलात तर गुणगुण चालू-बंद होताना ऐकूही येते. चांगल्या हॉबमध्ये कमी आचेवरही बुडबुडे बारीक आणि सलग राहतात.

डाळ-भाताला या चालू-बंदनं फारसा फरक पडत नाही. पण बासुंदी आटवताना, लोणी कढवून तूप करताना, लाडवांचा पाक करताना, पुरण घोटताना पडतो. जोराचा झटका आला की दूध तळाला धरतं. दोनतारी पाक एका झटक्यात पुढे निघून जातो. तूप कढवताना बेरी करपते आणि वास लागतो. तुमच्याकडे सणावारी हे सगळं होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हा मुद्दा तुमच्यासाठी बूस्टपेक्षा महत्त्वाचा. जाड बुडाचं भांडं हे झटके बरेचसे झेलतं, पण जो हॉब सलग मंद चालतो त्याची सर त्याला नाही.

भांड्यांची तपासणी घरीच करा, हॉब ठरवायच्या आधी. फ्रीजवरचं लोहचुंबक घ्या आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. जेमतेम चिकटलं तर ते तापेल, पण रडतखडत. ॲल्युमिनियमचे टोप, जुना ॲल्युमिनियमचा कुकर, हार्ड ॲनोडाइज्ड कढई, तांब्या-पितळेची पातेली, मातीची हंडी, हे सगळं बाद. अपवाद फक्त ज्यांच्या बुडाला खास पोलादी तबकडी बसवलेली आहे त्यांचा. स्टीलचंही सगळं चालत नाही. चांगल्या प्रतीचं ३०४ स्टील चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे आईनं दिलेली जाड, महागाची पातेलीच नेमकी नापास होतात. ट्राय-प्लाय (तीन थरांच्या) भांड्यांच्या बाहेरच्या थराला चुंबक चिकटतं, ती उत्तम. गोल बुडाची कढई चालणार नाही, सपाट बुडाची लोखंडी कढई छान चालते, तळणाला तर फारच. पाच माणसांच्या घरात कुकर, तवा, कढई, दुधाचं पातेलं, भाजीची दोन भांडी बदलायची म्हटली की चांगला खर्च येतो. तो हॉबच्या बजेटमध्येच लिहून ठेवा. तुमच्या अंदाजपत्रकात तो मला दिसला नाही.

कुकरची एक सवय बदलावी लागेल. इंडक्शनवर वाफ इतक्या लवकर धरते की चार शिट्ट्या पटापट होतात आणि तूरडाळ कच्ची राहते. शिट्ट्या मोजू नका. पहिल्या शिट्टीनंतर आच ४००-६०० वॅटवर आणा आणि घड्याळ लावा. थोडं तेल पूर्ण ताकदीवर ठेवून पाठही फिरवू नका. ज्वाळा दिसत नाही म्हणून धोका कळत नाही, पण दोन चमचे तेल बघता बघता धुरायला लागतं. फोडणीला ८०० वॅट पुष्कळ झाले.

बाकीच्या गोष्टी मी झटपट संपवतो, कारण त्यांना जाहिरातीत जेवढं महत्त्व असतं तेवढं घरात नसतं. डोसा, दूध, चपाती, रस्सा अशी नावं लिहिलेली बटणं म्हणजे आधीच ठरवलेली वॅट आणि वेळेची जोडणी. महिन्याभरात ती कोणी दाबत नाही. टच पॅनेल दिसायला सुंदर, पण ओल्या हातानं नीट चालत नाही, आणि दूध उतू जाऊन त्यावर आलं की हॉब बंद पडतो. प्रत्येक झोनला वेगळी पट्टी असलेलं पॅनेल घ्या, आधी झोन निवडा मग अधिक-उणे दाबा या प्रकाराला वयस्कर माणसं वैतागतात. चाइल्ड लॉक हवाच. काच शॉट सेरान किंवा युरोकेराची असेल तर ती नावं काचेवर बारीक अक्षरांत असतात, या काचा उष्णतेला टिकतात. त्याही वरून पडलेल्या खलबत्त्याला टिकत नाहीत. काचेला तडा गेला तर हॉब त्याच क्षणी मेनमधून बंद करायचा आणि वापरायचा नाही, कारण तड्यातून उतलेलं पाणी थेट विजेच्या भागावर जातं. साखरेचा पाक सांडला तर काच गरम असतानाच जपून खरवडून काढा, थंड झाल्यावर निघताना तो काचेचा टवका घेऊन येतो. घरात कोणाला पेसमेकर असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. चालू हॉबपासून दोनेक फूट लांब राहायला ते बहुधा सांगतात.

कंपनी निवडताना एकच चौकशी करा: तुमच्या गावात अधिकृत सर्व्हिस आहे का, आणि काच व पॉवर बोर्ड सुटे मिळतात का, कितीला. उत्तर लेखी मागा. सुट्या शेगडीत आयजीबीटी (कॉइलला वीज देणारा ट्रान्झिस्टर) आणि फ्यूज उडणं हे नेहमीचं दुखणं असतं, नाक्यावरचा इलेक्ट्रॉनिक्सवाला ते बदलून देतो. ओट्यात बसवलेल्या हॉबला बाहेरचा माणूस सहसा हात लावत नाही, आणि एका काचेची किंमत ऐकून लोक नवा हॉब घ्यायचा विचार करतात. अजून मन ठरत नसेल तर आधी एक चांगली सुटी शेगडी आणून चारेक महिने वापरा. पण १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरच. २००० वॅटची शेगडी पावणेनऊ अँपिअर घेते. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावली की आधी प्लग कोमट होतो, मग सॉकेट पिवळं पडतं, मग पिना काळ्या पडून जळका वास येतो.

बसवताना हवेची वाट मोकळी ठेवा. हॉबच्या आत पंखा असतो, तो खालून हवा ओढतो. खाली लगेच ड्रॉवर असेल तर पत्रकात लिहिलेली मोकळी जागा सोडायलाच हवी, आणि त्या ड्रॉवरमध्ये कागद, प्लास्टिकच्या पिशव्या, फडकी नकोत, ती पंख्याला चिकटतात. सुटी शेगडी भिंतीला टेकवून ठेवू नका. झुरळांना ती आतली ऊब फार आवडते. उघडलेल्या कितीतरी शेगड्यांमध्ये बोर्ड शॉर्ट झालेला असतो तो झुरळामुळे आणि फोडणीच्या तेलकट वाफेमुळे. चिमणी चालू ठेवणं हॉबसाठीही चांगलं. आणि स्वयंपाक संपला की लगेच भिंतीवरचा स्विच बंद करायची आपली सवय मोडा. पॅनेलवरून बंद केल्यावर पंखा काही वेळ फिरत राहतो, आतले भाग थंड करतो. तो थांबल्यावरच मेन स्विच.

आता कामाचा क्रम, कारण तुमच्याकडे सुतार पुढच्या आठवड्यात येणार आहे. आधी इलेक्ट्रिशियनकडून मंजूर भार, मेन एमसीबी, मजल्यापर्यंतची केबल आणि अर्थिंग तपासून घ्या. मग भिंतीतून हॉबची स्वतंत्र लाइन ओढून घ्या, टाइल्स त्यानंतर. हॉब प्रत्यक्ष घरात आल्याशिवाय ग्रॅनाइट कापू देऊ नका. ६० सेंटिमीटरच्या बऱ्याच हॉबचं कटआउट ५६० बाय ४९० मिलिमीटरचं असतं, पण दोन झोनच्या अरुंद हॉबचं वेगळं असतं आणि मॉडेलप्रमाणेही बदलतं. दुकानदारानं तोंडी सांगितलेलं माप चालत नाही, खोक्यातल्या पत्रकातलं माप ग्रॅनाइटवाल्याच्या हातात द्या. कटआउटचे आतले कोपरे काटकोनात नको, थोडे गोल हवेत, कारण तडा कोपऱ्यातून सुरू होतो. गॅसची एक शेगडी खिडकीच्या बाजूला न घेता आतल्या बाजूला घ्या, म्हणजे भाकरीच्या वेळी ज्वाळा वाऱ्यानं हलणार नाही. हॉब आणि शेगडी यांच्यात परातीएवढी जागा सोडा, कारण सासूबाई भाकरी तिथेच थापणार.